सोल, सोड

रंग वाळलेल्या आमसुलाचा, म्हणून नाव ठेवलं सोल.
आणि तोंडातलं टाकायला शिकवताना शब्द निवडला सोड.
केरीच्या धक्क्यावर फेरीबोटीचा दोर सोडताना
दिवसाला चाळीस वेळा तोच शब्द जिभेवर असतो,
दुसरा सुचलाच नाही.
ल आणि ड यांतला फरक
कुत्र्याला अजून कळलेला नाही.

पहिल्या वर्षी त्यानं काय काय खाल्लं:
आबणीच्या अंगणात वाळत घातलेली सुंगटं,
खाली अंथरलेल्या चटईच्या एका कोपऱ्यासकट.
घुमटाचं कातडं, ऐन चवथीच्या आदल्या दिवशी;
फटी आरतीला नुसत्या मडक्यावर थापा मारत बसला.
काजूखाली पडून आंबलेली बोंडं
(ती संध्याकाळ सोल कुंपणाशी बोलत होता).
गाड्यांच्या तिकिटांचं अर्धं पुस्तक,
ज्याचा खुलासा मी बेतीच्या हापिसात लेखी दिला
आणि साहेबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

मागे धावलो की गिळायचा.
जबडा धरला की गिळायचा.
ओरडलो तर आधी गिळायचा
आणि मग कान पाडायचा.

म्हापशाच्या डॉक्टरीण आंजेलिका म्हणाल्या,
त्याच्या लेखी चोर तुम्ही आहात.
हिसकावू नका. बदल्यात द्या.
तोंडात आहे त्याच्याहून बरं काहीतरी हातात हवं.
आणि दर वेळी हवं हं.
एकदा फसवलंत की संपलं.

तेव्हापासून सरकारी खाकी खिशात
उकडलेल्या बांगड्याचे काटे काढलेले तुकडे.
तेरेखोलला जाणाऱ्या बायका
माझ्यापासून दोन हात लांब उभ्या राहायच्या.
हळूहळू आमचे दर ठरले.
चपलेला एक तुकडा, हाडाला तीन.
सोमवारी घरात मासळी नसते, त्या दिवशी पाव.
पावावर तो चप्पल सोडायचा,
सुंगट नाही.

त्या सोमवारी पावही नव्हता.

रापण ओढून झाली होती, मासळीच्या पाट्या उचलल्या होत्या.
सुरूच्या झाडांखालून मी येत होतो
आणि सोल पुढे, पाण्याच्या रेषेवर,
तोंडात काहीतरी गोल.
केंड.
फुगलेला, पांढऱ्या पोटाचा,
जाळ्यातून काढून वाळूत भिरकावलेला.

ह्याच्या आधीचा माझा कुत्रा एका केंडानं गेला.
तासभर लागला.
पाय थांबले, शेपूट थांबली,
डोळे मात्र शेवटपर्यंत माझ्यावर होते, नीट, शुद्धीत.

मी धावलो नाही.
लिहायला हे एका ओळीचं काम आहे.
गुडघ्यांवर बसलो, मूठ वळली
आणि पुढे केली, आत काही असल्यासारखी.
सोल म्हणालो की सोड,
वाऱ्यात माझं मलाच ऐकू आलं नाही.

त्यानं केंड खाली ठेवला.
टाकला नाही, ठेवला.
चालत आला, मुठीला नाक लावलं.
मी मूठ उघडली.
दोराचे घट्टे, डिझेल, मीठ.
त्यानं तळहात चाटला, मग बोटांच्या बेचक्यांत शोधलं,
मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

केंड मी कोपरभर खोल पुरला, वर दगड ठेवला.

रात्री आबणीकडून दोन बांगडे उसने आणले.
ती म्हणाली, आज? सोमवारचे?
मी म्हटलं, देणं आहे.
घरात नको म्हणून अंगणात, तीन दगडांवर
शिजवले, देवाच्या खोलीचं दार ओढून घेऊन.
देव थांबेल मंगळवारपर्यंत.
ह्याची उधारी रात्रभर ठेवायची
माझी छाती नव्हती.

सोलनं एक बांगडा खाल्ला.
दुसरा थाळीत तसाच,
आणि हा माझी उजवी मूठ
नाकानं उघडून बघतोय,
पुन्हा पुन्हा.